पंगतीचा नियम : मराठी चर्च लोकांपर्यंत कसे पोचले?

कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता आळेफाटा आणि बेल्हे मागे टाकून घाट चढतो आणि वर आला की आमचे आणे लागते. जुन्नर तालुक्याचे हे पूर्वेचे टोक. पुढे पारनेर तालुका, म्हणजे नगर जिल्हा. जुन्नर हा धरणांचा तालुका म्हणून ओळखला जातो. आमचे पठार मात्र त्या धरणांच्या आणि कालव्यांच्या वरच राहिले. पाण्याची मागणी करता करता आमच्याकडच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. गावाची बाहेर ओळख आहे ती रंगदास स्वामींच्या उत्सवामुळे आणि उत्सवाची ओळख आमटी-भाकरीमुळे. मोठमोठ्या कढयांत आमटी शिजते. भाकरी घराघरांतून येतात. रात्री कीर्तन, दिवसा पंगत. माझे बालपण या दोहोंच्या मध्ये गेले.

माझे आजोबा कीर्तनात टाळ धरून उभे राहणारे. शाळा त्यांनी जेमतेम चार यत्ता पाहिली; पण त्या चार यत्तांतल्या कविता त्यांना शेवटपर्यंत पाठ होत्या. त्यांतली एक ‘केवढे हे क्रौर्य!’ शिकाऱ्याने घायाळ केलेल्या पाखराची ती कविता म्हणताना त्यांचा आवाज दर वेळी एकाच ठिकाणी कातरायचा. मी कॉलेजात गेल्यावर मोठ्या ऐटीत त्यांना सांगितले, की ही कविता लिहिणारे टिळक पुढे ख्रिस्ती झाले, पाद्री होते. आजोबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मग काय झालं? पाखरू तेच हाय ना?”

पुढे मी मराठीचा अध्यापक झालो आणि एकोणिसाव्या शतकातली नियतकालिके हा माझ्या अभ्यासाचा विषय झाला. त्या निमित्ताने मिशनांची मराठी बरीच वाचली. गेल्या पावसाळ्यात नगर भागातल्या एका चर्चच्या तरुण मंडळाने मला बोलावले. विषय होता : चर्चने माध्यमे कशी वापरावीत, समाजापर्यंत कसे जावे. मुले हुशार होती. कुणी यूट्यूब वाहिनीचे बोलत होते, कुणी रीलचे, कुणी आरोग्य शिबिराचे. मीही उत्साहाने इतिहासातले चार दाखले दिले. शेवटी मागच्या बाकावरच्या एक निवृत्त परिचारिका उठल्या. म्हणाल्या, “सर, आम्ही डोळ्यांचं शिबिर लावलं तरी लोक विचारतात, यामागे तुमचा हेतू काय? गाणं म्हटलं तरी तेच विचारतात. मग आम्ही आमच्यातच गप्प बसायचं का?”

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन मी जुनी टिपणे पुन्हा काढली आणि या वेळी त्यांना बाईंचा प्रश्न विचारत गेलो. मराठी मुलुखात चर्चने माध्यमे वापरली ती आजची नव्हेत, चारशे वर्षांची गोष्ट आहे. त्यांतली कोणती लोकांनी आपली मानली, कोणती परकी राहिली आणि का?

सासष्टीतले पुराण

सुरुवात गोव्यातून करावी लागते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. मधली चाळीस वर्षे त्याने बहुतांशी सासष्टीत काढली. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. मराठी ओवी, सुमारे अकरा हजार. पण लिपी रोमन, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. त्याने मराठीची थोरवी गायिली ती आपण शाळेच्या पुस्तकात वाचली आहे. ती ओवी पाठ असणाऱ्यांनाही ग्रंथ का लिहिला गेला हे सहसा माहीत नसते.

ते कारण ग्रंथातच आले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना ख्रिस्ती शिकवण सांगितली जात असताना श्रोत्यांतला एक ब्राह्मण विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, आता आम्ही वाचायचे काय? मनोरंजन आणि बोध दोन्ही देणारे दुसरे काही द्याल की नाही? स्टीफन्सने हा प्रश्न ऐकला आणि प्रश्नोत्तरांची कोरडी पुस्तिका पुरे न मानता पुराण लिहायला घेतले. स्वर्गाला त्याने ‘वैकुंठ’ म्हणायलाही मागेपुढे पाहिले नाही.

इथे एक गोष्ट झाकून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या सासष्टीत हे पुराण रचले गेले, तिथली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले आणि त्याचा सूड गावच्या पुढाऱ्यांवर उगवला गेला. म्हणजे श्रोत्याची जुनी पोथी ज्यांनी हिरावली, त्यांच्यातल्याच एकाने त्याला नवी पोथी दिली. परिचारिकाबाईंना आज जो संशय सोसावा लागतो, त्याची एक मुळी इथवर जाते. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्धच हुकूम काढला. राज्यकर्त्यांची पाठ फिरली, तरी पुराण टिकले. मूळ छापील प्रत आज उपलब्ध नाही. पण हस्तलिखिते उतरवली गेली, उपवासकाळात ते गायिले गेले, १९०७ मध्ये मंगळुरात ते पुन्हा छापले गेले आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून ते देवनागरीत आणले. सत्तेच्या आधाराने जे आले होते, ते सत्ता उलटल्यावर लोकांच्या गळ्याच्या आधाराने राहिले. एखादे माध्यम लोकांचे झाले का, हे ओळखायची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

मिशनचे पत्र आणि मुक्ता

आता घाट चढून आपल्याकडे येऊ. अमेरिकन मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ च्या अखेरीस त्यांनी नगरला ठाणे केले. तिथून जून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाले. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ला तेव्हा दहा वर्षे झाली होती. धर्मप्रचार हा ‘ज्ञानोदया’चा उघड हेतू होता, पण त्यासोबत ग्रहताऱ्यांची माहिती, भूगोल, देशोदेशींच्या बातम्या असा मजकूरही असे.

त्याच काळात मिशनरी दुसरेही एक माध्यम वापरत होते : जत्रेत उभे राहून भाषण करणे, देवदेवतांवर टीका करणारी पुस्तके वाटणे. या रीतीला तसेच उत्तर मिळाले. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले. गर्दी लोटली, वादांची पुस्तकेही छापली गेली. वादाने दोन्ही बाजूंची बुद्धी धारदार झाली असेल. पण वादाला जमलेली गर्दी ऐकायला आलेली नसते, कोण पडतो ते पाहायला आलेली असते. आजच्या मोबाइलवरच्या भांडणांना हे शब्दशः लागू पडते.

‘ज्ञानोदया’चे सर्वांत मोठे काम मात्र त्याच्या स्वतःच्या उपदेशात नाही. १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत त्याने एका मुलीचा निबंध दोन भागांत छापला. मुक्ता साळवे तिचे नाव. वय चौदाच्या आसपास, जात मांग, शिक्षण पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत. विषय मांग-महारांचे दुःख. वेद आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता, असा थेट जाब त्या मुलीने विचारला. आज दलित साहित्याचा आणि स्त्रीलेखनाचा इतिहास लिहिताना या निबंधाला वळसा घालून जाता येत नाही.

कुणी म्हणेल, ब्राह्मणी धर्मावर टीका होती म्हणून मिशनला तो निबंध सोयीचा होता. ते खरेच आहे. पण सोय असो वा नसो, पान मुक्ताच्या हाती गेले आणि तिचे शब्द मिशनच्या हेतूपेक्षा मोठे ठरले. त्या अंकांतले मिशनरींचे लेख आज माझ्यासारखा एखादा अभ्यासक धूळ झटकून वाचतो; मुक्ताचा निबंध महाराष्ट्र वाचतो. आपले पान दुसऱ्याला, तेही ज्याला कुणी पान देत नाही अशाला देणे, हा माध्यमाचा सर्वांत मोलाचा उपयोग ‘ज्ञानोदया’कडून होऊन गेला.

पेटी, मृदंग आणि उत्तररंग

गाण्याचे असेच झाले. सुरुवातीच्या मराठी चर्चमध्ये इंग्रजी चाली होत्या आणि त्या चालींत कोंबलेले मराठी शब्द होते. मराठी अक्षरांचे लघुगुरू एकीकडे, चालीचा ठेका दुसरीकडे. गाणारा बिचारा मधल्या मध्ये. नगर भागातल्या मराठी ख्रिस्ती मंडळींनीच यावर उपाय काढला. त्यांच्यात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव पहिल्या रांगेत येते. त्यांनी कीर्तन चर्चमध्ये आणले.

कीर्तनाची घडण वाचकांना ठाऊक आहे. आधी नमन, मग पूर्वरंगात एखाद्या पदाचे किंवा अभंगाचे निरूपण, मध्ये नामघोष, मग उत्तररंगात आख्यान. बायबलमधल्या गोष्टी या घडणीत सहज बसतात. उधळ्या पुत्राचा दृष्टान्त घ्या : वाटणी मागणारा धाकटा, रुसलेला थोरला, वाटेकडे डोळे लावून बसलेला बाप. आमच्या गावात हे आख्यान लावले, तर प्रत्येकाला आपल्या भावकीतला कुणीतरी आठवेल.

या प्रवाहाला पूर आणला तो नारायण वामन टिळकांनी. जन्म १८६१, कोकणातला. बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५, मुंबईत. कर्मभूमी नगर आणि राहुरी. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती आणि तो पूल त्यांनी पोचल्यावर जाळला नाही. अभंग, भजन, ओवी हे त्यांना वरून पांघरलेले वस्त्र वाटत नव्हते, ते त्यांच्या अंगातच होते. मराठी चर्चच्या ‘उपासना संगीता’त त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग सांभाळला. ‘ख्रिस्तायन’ त्यांनी सुरू केले आणि ते अपुरे राहिले ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्याच लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात पुस्तकरूपाने आली. ती वाचताना लेखिकेचा धर्म कोणता हे आठवण्याचीही वाचकाला गरज पडत नाही. आणि तरीही मराठी ख्रिस्ती घर आतून कसे असते, त्यात हसू किती आणि ओढगस्त किती, हे महाराष्ट्राला कळले ते याच पुस्तकाने.

टिळकांच्या शेवटच्या दोन वर्षांकडे मात्र कमी लक्ष जाते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते वारले, त्यामुळे ते काम मूळ धरण्याआधीच थांबले. त्यांनी नोकरी का सोडली याची कारणे अनेक असतील. माझ्या मते त्यांत परिचारिकाबाईंच्या प्रश्नाचे एक उत्तर आहे. परदेशी पैशावर उभ्या असलेल्या माणसाचे गाणे कितीही गोड असले, तरी ऐकणारा आधी पगारपत्रक पाहतो, हे टिळकांना कळले होते. कीर्तनाचाही हाच नियम आहे. कीर्तनकार बुक्का लावून उभा राहिला, की श्रोता त्याच्या गळ्याआधी त्याचे वागणे तपासतो.

केडगावचा छापखाना

आमच्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाईंचे मुक्तिमिशन तिथले. दुष्काळाने, वैधव्याने उघड्यावर पडलेल्या शेकडो बायका-मुली तिथे राहिल्या. रमाबाई संस्कृतच्या पंडिता; ‘सरस्वती’ ही पदवी त्यांना कोलकात्यात मिळालेली. पण आश्रमातल्या बाईला बायबल वाचून दाखवताना त्यांना जाणवले, की उपलब्ध भाषांतराची मराठी संस्कृतच्या ओझ्याने वाकली आहे, ती या बाईपर्यंत पोचत नाही. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत अख्ख्या बायबलचे भाषांतर त्यांनी स्वतः केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून झाला.

या कामाचा निम्मा अर्थ त्याच्या छपाईत आहे. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या बायका आश्रमातल्याच होत्या. ज्यांना अक्षर शिकवले गेले नव्हते, त्यांच्या हातून अक्षरे जुळवली गेली. ग्रंथ वाचणारीसाठी तर होताच. पण तो करता करता एक हात कसबी झाला, एका बाईला पोट भरायची विद्या मिळाली. आजच्या भाषेत बोलायचे तर कॅमेरा कुणावर रोखला आहे यापेक्षा कॅमेरा कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न रमाबाईंनी शंभर वर्षांपूर्वी सोडवून ठेवला होता.

बाखरबाबांची अट

वर मी आमच्या पठाराच्या पाण्याचे बोललो. ते उगाच नव्हे. आमच्या पूर्वेला पारनेर, उत्तरेला संगमनेर. तिथेही तीच तहान. या भागात फादर हर्मन बाखर हे नाव जुन्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. स्वित्झर्लंडमधला हा जेझुइट १९४८ मध्ये भारतात आला. नगरचे ‘सोशल सेंटर’ त्यांनी १९६६ मध्ये उभारले आणि १९९३ मध्ये ‘वॉटर’ या पाणलोटक्षेत्र विकास संस्थेच्या स्थापनेत ते होते. लोक त्यांना बाखरबाबा म्हणत.

त्यांच्या पाणलोटाच्या कामाची रीत अशी, की गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे. काही दिवस गावाने एकत्र येऊन माती खणली, तरच पुढचे बोलणे. मग चराईबंदी, कुऱ्हाडबंदी ग्रामसभेत ठरवायची. मग शेताशेतात, त्या शेताच्या मालक नवरा-बायकोला सोबत घेऊन हिंडायचे आणि कुठे बांध, कुठे झाड, हे त्यांच्याशी बोलून नकाशावर मांडायचे. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी हे या कामाचे ठळक उदाहरण. तिथे मेंढरे चारणाऱ्यांशी चराईबंदीचे बोलणे करणे हाच सर्वांत अवघड भाग होता. चारा बंद म्हणजे त्यांची चूल बंद. ते बोलणे भाषणाने झाले नाही, पुन्हा पुन्हा बैठकीला बसण्याने झाले.

या सगळ्यात धर्माचा प्रचार नव्हता. अट होती, पण ती श्रमाची आणि सगळ्यांदेखत सांगितलेली. गावाला काय द्यायचे आणि त्याबदल्यात गावाने काय करायचे, हे ग्रामसभेत ठरले, की हेतूबद्दल कुजबुज करायला फारशी जागा उरत नाही. पारनेरच्या राळेगणसिद्धीची गोष्टही अशीच, फक्त तिथे आधार चर्चचा नव्हता. सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी यादवबाबांच्या पडक्या देवळाची दुरुस्ती केली आणि त्या देवळातून गावाचे काम सुरू झाले. देऊळ असो वा चर्च, गावाला ती बसायची जागा वाटली, तरच तिथले बोलणे गावाचे होते.

वसईची ‘सुवार्ता’

अलीकडचे उदाहरण वसईचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे ‘सुवार्ता’ या मासिकाचे संपादन केले. चर्चचे मासिक म्हटले की सणांचे वेळापत्रक आणि देणगीदारांची यादी एवढेच डोळ्यांपुढे येते. दिब्रिटोंनी ते साहित्याचे आणि सामाजिक प्रश्नांचे मासिक केले. वसईची हिरवी वाडी बिल्डरांच्या आणि पाणी उपसणाऱ्या टँकरांच्या घशात जाऊ लागली, तेव्हा ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या आंदोलनात हा पाद्री लोकांसोबत रस्त्यावर होता. विहीर आटते ती धर्म विचारून आटत नाही. त्यामुळे त्या लढ्यात सगळे होते.

त्यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये आले. त्याला साहित्य अकादमीचा अनुवादासाठीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. निवड जाहीर होताच विरोधही झाला. परिचारिकाबाईंच्या कानी जो प्रश्न रोज पडतो, तोच इतक्या वर्षांच्या कामानंतर दिब्रिटोंच्याही वाट्याला आला. पण फरक असा, की या वेळी उत्तर द्यायला त्यांना एकट्याला उभे राहावे लागले नाही. मराठी लेखक-वाचकांतले कितीतरी जण त्यांच्या बाजूने बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले, तेव्हा त्यांना मराठी साहित्यातला आपला माणूस म्हणून निरोप दिला गेला. संशय संपवणे कुणाच्याच हाती नसते. आपल्या वतीने बोलणारे शेजारी मिळवणे मात्र हाती असते, आणि त्याला चोवीस वर्षे लागू शकतात.

मग आज काय करावे?

त्या तरुण मंडळाला मी जे सांगायला हवे होते, ते आता सांगतो. बऱ्याच अंशी ते कुठल्याही देवळाच्या उत्सव समितीलाही लागू आहे.

पहिले, ज्या प्रकाराची भाषा उचलाल त्याचा नियमही उचला. कीर्तन घ्यायचे तर चुका पकडणाऱ्या श्रोत्यासमोर उभे राहायची तयारी हवी. पेटी आणि फेटा घेऊन भागत नाही. रील करायची तर चाळीस सेकंदांत एक खरी गोष्ट सांगा, तीही आपल्या बोलीत. पुस्तकी प्रार्थनेचा तुकडा तोडून टाकला, तर इंग्रजी चालीत कोंबलेल्या मराठी शब्दांची गत होईल.

दुसरे, आपल्याजवळ आहे ते आधी उघडा. नगर-राहुरीच्या जुन्या घरांत टिळकांची भजने मूळ चालींत गाणाऱ्या आजी अजून असतील. त्यांचा आवाज, चाल कुणाकडून शिकल्या त्याची हकीकत, हे मोबाइलवर नीट ध्वनिमुद्रित करून ठेवायला खर्च जवळपास शून्य आहे. संगीताचा आणि मराठीचा अभ्यासक, तो कुठल्याही धर्माचा असो, त्यासाठी तुमच्या दारी येईल. तसेच जुन्या अंकांचे, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांचे, दुष्काळाच्या हकिकतींचे. हा ठेवा चर्चच्या कपाटात आहे, पण तो साऱ्या जिल्ह्याचा आहे.

तिसरे, पान दुसऱ्याला द्या. तुमच्या वाहिनीवर ऊसतोड कामगाराच्या मुलीला बोलू द्या, मेंढपाळाला बोलू द्या. आणि त्यांनी तुमच्या विरुद्ध काही म्हटले तरी ते कापू नका. चर्चमध्येही जातीची बाके होती आणि आहेत, हे मराठी ख्रिस्ती लेखकांनीच सांगितले आहे. ते बोलणे तुमच्या व्यासपीठावर झाले, तर बाहेरचा माणूस तुमच्यावर अधिक विश्वास ठेवील.

चौथे, आणि इथे बाईंच्या प्रश्नाला मी भिडतो : सेवा आणि उपदेश यांची वेळ आणि जागा वेगळी ठेवा आणि तसे फलकावर लिहा. डोळ्यांच्या शिबिरात फक्त डोळे. खर्च किती आला, पैसा कुठून आला, याचा कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. शिबिराला बोलावताना शेजारच्या देवळाच्या आणि मशिदीच्या मंडळींना बरोबरीने यजमान करा. आणि रुग्णाचा फोटो काढू नका. मदत घेणाऱ्याचा चेहरा दाखवून केलेल्या जाहिरातीत मदत करणारा मोठा दिसतो, घेणारा लहान होतो. आणि त्याच्या मनात ते राहते.

करोनाच्या काळात सगळीच दारे बंद झाली, तेव्हा चर्चची उपासना मोबाइलवर आली, कीर्तनेही आली. २०२० मध्ये तर ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. माझी आई आण्याच्या घरात मोबाइल देव्हाऱ्याला टेकवून कीर्तन ऐकायची. तिला सगळे ऐकू यायचे, दिसायचेही. एकदा म्हणाली, “समदं हाय रं, पण शेजारी कुणी बसलेलं नाही.” माध्यमांवरच्या कितीतरी ग्रंथांत न सापडलेली गोष्ट तिने एका वाक्यात सांगितली. यंत्र आवाज पोचवते. शेजार आपल्याला पोचवावा लागतो.

भाकरी आणली का?

हा लेख लिहायला घेतला त्याच हिवाळ्यात त्या मंडळातले दोन तरुण उत्सवाला आण्याला आले. मीच बोलावले होते. कीर्तनाला मागे बसले, दुसऱ्या दिवशी पंगतीला आले. मला मनातून थोडी धाकधूक होती, कुणी काही विचारले तर काय. वाढप्यांतला एक म्हातारा त्यांच्यापाशी थबकला.

“पाव्हणं कुठलं?”

“नगरचे, बाबा.”

“भाकरी आणली का?”

दोघे गोंधळले. नव्हती आणली. म्हाताऱ्याने त्यांच्या पानात दोन भाकरी टाकल्या, वर आमटी ओतली आणि पुढे जाता जाता म्हणाला, “जेवा. पुढल्या साली येताना घेऊन या.”

परत जाताना त्यातला एक म्हणाला, “सर, आम्ही इथलं शूटिंग करणार होतो, ते राहूनच गेलं.” मी म्हटले, राहू दे. पुढच्या वर्षी येणार आहात ना, आधी भाकरीचे बघा.

परिचारिकाबाईंना मी अजून फोन केलेला नाही. हा अंक त्यांना पाठवणार आहे. गप्प बसायचे का, असे त्यांनी विचारले होते. नाही, बाई. पण बोलण्याआधी पंगतीत बसावे लागेल, आणि बसताना आपली भाकरी आपण न्यावी लागेल. आमटी गावाची असते.